हिवाळ्यात उंदीर घरात शिरू नयेत म्हणून

सातारा-सांगलीकडच्या गावांत दिवाळीनंतर उंदरांचा त्रास वाढतो, त्याला केवळ थंडी कारण नसते. सोयाबीन, भुईमूग निघालेला असतो, पाठोपाठ कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होऊन उसाचे फड एकामागून एक मोकळे होतात आणि उंदीर-घुशींचा वर्षभराचा आडोसा तोडीच्या एकदोन दिवसांत नाहीसा होतो. घर फडाला लागून असेल तर त्यांचा पुढचा मुक्काम आपल्याच माळ्यावर पडतो. म्हणून शेजारच्या उसाला तोड येण्याआधीच, दिवाळीच्या साफसफाईत बंदोबस्त उरकावा आणि त्याची सुरुवात औषधाने न करता वाटा बुजवण्यापासून करावी, कारण वाट उघडी असेल तर एक मेला की त्याच्या जागी दुसरा येतोच.

लहान उंदराला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते. मोठ्या उंदराला १२ मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. उजेडी घराला बाहेरून एक फेरी मारून दाराखालची फट, मोरीचे तोंड, पाण्याचे पाइप व वायरी भिंतीतून आत येतात त्या जागा आणि कौलारू घर असल्यास वासे भिंतीवर टेकतात तो माथा नीट पाहावा. वाट नक्की कळत नसेल तर रात्री भिंतीच्या कडेने रांगोळीचा पातळ थर पसरावा; सकाळी त्यात बारीक पावले आणि मधोमध शेपटीची रेघ दिसते. संशयित बिळात कागदाचा बोळा सैल बसवून ठेवावा. तो बाहेर ढकललेला किंवा कुरतडलेला आढळला, तर बीळ वापरात आहे असे समजावे.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो सतत कुरतडतो आणि लाकूड, रबर, प्लास्टिक, फोम यांपैकी काहीही त्याच्यापुढे फार काळ टिकत नाही. बिळात भांडी घासायचा तारेचा काथ्या किंवा काचेचे तुकडे घट्ट ठासून वरून सिमेंट लावावे. मोरीला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी, वाशांमधल्या मोकळ्या जागेत तारेची जाळी ताणून बसवावी. छपरावर टेकलेल्या झाडाच्या फांद्याही तोडाव्यात. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

जळण, शेणी आणि कडबा भिंतीला लावून रचू नये. तिथे उंदीर राहिले की त्यांच्या मागावर नाग, घोणस येतात आणि अंधारात जळण काढणाऱ्या बाईच्या हाताला धोका होतो, एवढ्यासाठी तरी ही रास घरापासून दूर व जमिनीपासून उंच असावी. धान्य, शेंगा आणि पेंड पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावी. जनावरांच्या दावणीत रात्री खाद्य उरू देऊ नये.

आत राहिलेल्यांसाठी सापळा सर्वांत बरा. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून चाप भिंतीशी काटकोनात, खाद्याची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्यामुळे आधी काही रात्री चाप न ताणता त्यावर नुसते खोबरे किंवा भजी ठेवावी आणि तो निर्धास्तपणे खाऊ लागला की मग चाप ताणावा. मेलेला उंदीर व लेंड्या उघड्या हाताने उचलू नयेत, कोरड्या झाडूने तर मुळीच लोटू नयेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून हातमोजे घालून, जागा ब्लीचिंगच्या पाण्याने आधी भिजवून मगच पुसावी.

विषारी पेस्ट आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या यांबाबत मी आग्रहाने सांगतो, की लहान मुले असलेल्या घरात त्या आणूच नयेत. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत निकामी होते आणि सुरुवातीचा त्रास थांबून माणूस बरा वाटत असतानाही आतली हानी चालूच राहू शकते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांमधून सुटणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. या दोन्हींवर उतारा नाही. असे काही पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता, औषधाचे पाकीट सोबत घेऊन रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे.