टूरवरचा प्रो आपल्या गोल्फ क्लबवर किती खेळेल? अंदाज असा काढा

“टूरवरचा प्रो इथे आला तर आरामात ५८ खेळेल.” म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या टूरवर खेळणारा गोल्फर आमचे अठरा होल ५८ फटक्यांत संपवेल. मेंबरांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी लगेच स्कोअरकार्ड आणि पेन्सिल पुढे करते. क्लबच्या हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) कमिटीचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे असले वाद शेवटी माझ्यापाशीच येतात. उत्तर घरबसल्या काढता येतं, बऱ्यापैकी नेमकं काढता येतं, आणि ते ५८ नसतं. पीजीए टूरवर ५९ पहिल्यांदा लागला १९७७ मध्ये, आल गाइबर्गरच्या नावावर. ५८ यायला २०१६ उजाडावं लागलं, तो जिम फ्युरिकचा. हे असामान्य दिवसांचे आकडे आहेत. आपल्याला काढायचा आहे तो प्रोचा नेहमीचा दिवस.

सगळ्यात आधी पार (होलसाठी किंवा कोर्ससाठी ठरवलेले फटके) विसरा. पार ७२ असलेले दोन कोर्स एकमेकांपासून पाच-सहा फटक्यांनी वेगळे असू शकतात. कार्डावर ज्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) हिशोब करायचा आहे त्या टीचं कोर्स रेटिंग आणि स्लोप (तो काय, ते पुढे सांगते) बघा. रेटिंग म्हणजे स्क्रॅच (शून्य हँडिकॅपच्या) खेळाडूने नेहमीच्या परिस्थितीत, चांगला खेळ झाल्यावर केलेला अपेक्षित स्कोअर. हा स्क्रॅच पुरुष खेळाडू ड्रायव्हरने (सगळ्यात लांब फटक्याच्या काठीने) २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांचा होल दोन फटक्यांत गाठतो, असं धरून रेटिंग ठरवतात. टूरवरचा प्रो सरासरी ३०० यार्डांच्या आसपास मारतो. म्हणजे स्क्रॅच आणि प्रो हेच दोन वेगळे प्राणी आहेत, आणि क्लब चॅम्पियनकडे बघून प्रोचा अंदाज बांधणं तिथेच फसतं.

पहिली पद्धत झटपट आहे. टूरवरच्या खेळाडूचं हँडिकॅप साधारण प्लस ५ ते प्लस ७ धरतात, म्हणजे स्क्रॅचपेक्षा तितके फटके चांगलं. आपण प्लस ६ घेऊ. समजा, तुमचा कोर्स ६,५२० यार्ड, पार ७२, रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२६. सहाला १२६ ने गुणा, ११३ ने (हा प्रमाण स्लोप) भागा: ६.७. रेटिंगमधून वजा केले की ६४.५ उरतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ६४ किंवा ६५ सांगून मोकळे होतात. पण हँडिकॅप ही सरासरी नसते. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० राउंडांपैकी सर्वांत चांगल्या ८ राउंडांवरून ते काढतात. म्हणून ६४.५ हा प्रोच्या चांगल्या दिवसांचा आकडा झाला. नेहमीची सरासरी त्याहून अडीच फटके वर, म्हणजे ६७ च्या जवळपास.

स्लोपबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सर्रास उलटी समजली जाते. स्लोप जास्त म्हणजे कोर्स प्रोला जास्त जड, असं नाही. स्लोप सांगतो की स्क्रॅचच्या तुलनेत बोगी (साधारण २० हँडिकॅपच्या) खेळाडूला कोर्स किती जास्त जड जातो. प्लस हँडिकॅपवाल्याच्या बाबतीत हेच गणित उलटं फिरतं: स्लोप जितका मोठा, तितका तो रेटिंगच्या खाली जातो. टीसमोर १८० यार्डांवर तळं असेल तर २० हँडिकॅपवाल्याचा होल तिथेच संपतो. प्रोला ते तळं दिसतही नाही.

दुसरी पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात फटके कुठे जातात ते होलगणिक दिसतं. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रोडी यांनी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांच्या नोंदींवरून काढलं की अमुक अंतरावरून टूरचा खेळाडू होल संपवायला सरासरी किती फटके घेतो. टीवरून मोजायचे काही आकडे असे:

१६० यार्ड: २.९९
१८० यार्ड: ३.०५
३०० यार्ड: ३.७१
३४० यार्ड: ३.८६
३६० यार्ड: ३.९२
३८० यार्ड: ३.९६
४०० यार्ड: ३.९९
४२० यार्ड: ४.०२
४४० यार्ड: ४.०८
५०० यार्ड: ४.४१
५२० यार्ड: ४.५४

आता कार्ड घ्या आणि प्रत्येक होलपुढे त्याच्या अंतराचा आकडा लिहा. अंतर मधलं असेल तर अंदाजाने मधला आकडा धरा. वरच्या नमुना कोर्सचे पहिले नऊ होल असे समजा: ३८०, १६०, ५००, ३६०, ४००, ३४०, १८०, ४२०, ५२०. एकूण ३,२६० यार्ड, पार ३६. आकड्यांची बेरीज ३४.७४. दुसरे नऊही तसेच धरले तर १८ होलांचे ६९.४८. म्हणजे हा कोर्स टूरच्या स्पर्धेसारखा तयार केला तर टूरचा सरासरी खेळाडू तिथे साडेएकोणसत्तर फटके घेईल.

हा आकडा बघून मेंबर नाराज होतात. त्यांना मी ३४० यार्डांच्या होलवर थांबायला लावते, कारण सगळं उत्तर तिथे आहे. आपल्याला वाटतं, इतका छोटा होल, प्रो प्रत्येक वेळी बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) मारेल. बघू या. ड्रायव्हर ३०० यार्ड गेला, चेंडू फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर), पिन (होलमधला झेंडा) ४० यार्डांवर. फेअरवेवर ४० यार्डांवरून टूरची सरासरी २.६०. म्हणजे बर्डीची खात्री तिथूनही नाही: चिप (जवळून मारलेला छोटा फटका) आठ फुटांवर थांबली तर तो पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, चेंडू ढकलण्याचा फटका) टूरवरचे खेळाडूसुद्धा निम्म्या वेळाच पाडतात. तोच चेंडू रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) गेला तर २.७८. आणि प्रोने सावधपणे आयर्न (आखूड फटक्याची काठी) मारून १०० यार्ड ठेवले, तर फेअरवेवरून २.८०. टीचा एक फटका मिळवा: ३.६०, ३.७८, ३.८०. झाडाखाली गेलेले, बंकरात (वाळूच्या खळग्यात) अडकलेले ड्राइव्ह धरून सरासरी ३.८६ वर येते. त्या होलवर प्रोने चारपेक्षा वाचवले ते जेमतेम फटक्याचे १४ शतांश.

आता ४४० आणि ३०० यार्डांचे आकडे शेजारी ठेवा: ४.०८ आणि ३.७१. होल तब्बल १४० यार्डांनी आखूड केला, तरी प्रोचा स्कोअर एक तृतीयांश फटक्याहून थोडाच जास्त उतरला. आखूड कोर्सवर स्कोअर खाली येतो, पण लवकरच तळाला टेकतो, कारण शेवटी चेंडू ग्रीनवर आणून पट पाडायचाच असतो आणि ते काम लांबी कमी केल्याने संपत नाही. प्रोची खरी कमाई पार पाचच्या होलांवर असते. ५०० यार्डांवर ४.४१ म्हणजे अशा एकेका होलमागे अर्ध्याहून जास्त फटका खिशात. तुमच्या कोर्सवर ५२० च्या आतले चार पार पाच असतील तर अंदाज खाली घ्या. दोनच असतील किंवा ते ५८० चे असतील तर वर.

मग ६९.४८ मध्ये दुरुस्ती करायची. एक, ब्रोडींचे आकडे २००३ नंतरच्या दशकातले आहेत आणि तेव्हापासून ड्राइव्ह लांबले आहेत. फेअरवेवर १४० ऐवजी १२० यार्ड उरले तर सरासरी २.९१ वरून २.८५ होते. चौदा ड्राइव्ह धरले तर आठ दशांश फटक्याच्या आसपास वजा. दोन, रफ. टूरचे खेळाडू दहातले चार फेअरवे चुकवतात आणि १०० यार्डांवर रफ त्यांना फटक्याचा पाचवा भाग महाग पडतो. तुमचं रफ घोट्याच्या खाली असेल तर आणखी अर्धा वजा. तीन, ग्रीन. स्पर्धेत पिन कडेला, बंकरामागे लावतात आणि ग्रीन स्टिंपमीटरवर (ग्रीनचा वेग मोजायचं साधन) ११-१२ च्या पुढे पळतात. क्लबवर रोजची पिन मधोमध, वेग ८ ते १०. याचा आणखी एक वजा करायला माझी हरकत नसते.

उलट बाजूने अर्धा फटका परत मिळवा, आणि हे विसरू नका. क्लबचं ग्रीन उंचसखल असेल तर चांगला मारलेला पटही भरकटतो. बंकरात वाळू कुठे दाट, कुठे नुसती माती. पहिल्यांदाच खेळणाऱ्याला माहीत नसतं की सातव्या ग्रीनवर सगळं पाण्याच्या दिशेने वळतं. माझं उत्तर: ६७ ते ६८. दोन्ही पद्धती एकाच ठिकाणी आल्या की मला भरवसा वाटतो. त्यांच्यात दोन फटक्यांहून जास्त अंतर पडलं, तर कार्डावरचे यार्ड तपासा. टी पुढे सरकवून ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी असते आणि छापलेले ६,५२० प्रत्यक्षात ६,३०० निघतात.

एकच आकडा सांगू नका, पट्टा सांगा. टूरच्या खेळाडूचा स्कोअर सरासरीच्या दोन्ही बाजूंना पावणेतीन-तीन फटके हलतो. म्हणून ६७.५ ची सरासरी म्हणजे तीन राउंडांपैकी दोन ६५ ते ७० मध्ये. ६२ एखाद्या दिवशी जरूर लागेल. ७२ देखील लागेल, आणि तेव्हा प्रोला नावं ठेवायचं कारण नाही.

कोर्सची तयारी किती फरक पाडते, याची दोन उदाहरणं मी नेहमी देते. २०१३ ची यूएस ओपन मेरियनला झाली तेव्हा कोर्स ७,००० यार्डांच्याही आत होता, पार ७०. सगळ्यांनी स्कोअर कोसळतील असं धरलं होतं. जस्टिन रोझ जिंकला तो चार राउंडांत २८१ खेळून, म्हणजे पारपेक्षा एक वर. दाट रफ आणि अवघड पिनांनी आखूड कोर्सचं रक्षण केलं. दुसरं रॉरी मॅकिलरॉयचं. २००५ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो उत्तर आयर्लंडच्या रॉयल पोर्टरश क्लबवर ६१ खेळला. २०१९ मध्ये त्याच क्लबवर ब्रिटिश ओपन झाली, मधल्या काळात दोन होल नवे झाले होते. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक म्हणून आलेला मॅकिलरॉय पहिल्या होलवर आठ घेऊन बसला आणि राउंड ७९ ला संपवला. अठरा फटक्यांचा फरक, माणूस तोच, जवळपास कोर्सही तोच.

आणि खरंच एखादा प्रो तुमच्याकडे खेळायला आला, तर नुसता शेवटचा स्कोअर लिहून घेऊ नका. कोणत्या टीवरून खेळला, त्या दिवशी टी कुठे होत्या, पिन कुठे होत्या, हे आधी नोंदवा. दोन फुटांचे पट सोडून दिले असतील तर तो राउंड हिशोबात धरू नका, सगळे पट पाडायला लावा. मग प्रत्येक होलचा स्कोअर तुमच्या आधी लिहिलेल्या आकड्यापुढे मांडा. एका राउंडवरून काही सिद्ध होणार नाही, पण पार पाचचे चार होल आधी बघा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक बहुधा तिथेच सापडतो.