मक्यावर अमिनो ॲसिड आणि व्हिटॅमिन सी फवारताना

आधी एक हिशेब मांडतो. अमिनोची फवारणी घेतली की युरियाचा एक हप्ता वाचतो, असं सर्रास सांगितलं जातं. अजिबात ऐकू नका. एकरी 200 लिटर पाणी, लिटरला 3 मिली, म्हणजे 600 मिली औषध. बाटलीत निव्वळ अमिनोच आहे असं धरलं तरी त्यातून नत्र मिळतं फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते 20 किलोच्या वर असतं.

ही फवारणी ताणात सापडलेल्या पिकासाठी आहे. पाणी साचून पिवळा पडलेला खरिपाचा मका, डिसेंबरच्या थंडीत जांभळट होऊन थबकलेला रब्बीचा मका. मुळं नीट चालत नसतात तेव्हा पानातून दिलेलं थोडंही लागू पडतं. तजेलदार पिकावर फरक शोधावा लागतो.

पहिली फवारणी सहा ते आठ पानांवर. कणसात दाण्यांच्या किती ओळी बसणार ते याच सुमारास ठरू लागतं. दुसरी तुरा निघण्याआधी.

खरं काम बिघडतं ते द्रावण करताना. पहिल्या वर्षी मजुरी वाचवायची म्हणून मी अमिनोत तांबायुक्त बुरशीनाशक मिसळलं. तिसऱ्या दिवशी पोंग्यातली, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या शेंड्यातली, कोवळी पानं थेंब ओघळले तिथे पट्ट्यापट्ट्यांनी वाळक्या कडब्यासारखी झाली. अमिनो तांब्याला धरून पानात नेतं आणि पान करपतं. ‘काही होत नाही, मारा एकत्र’ असं कुणीही सांगो, हे मिश्रण करू नका.

दुसरी चूक पाण्याची. बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, त्यात व्हिटॅमिन सी टिकत नाही. पीएच पट्टी बुडवून बघा आणि 6 ते 6.5 येईपर्यंत चिमूट-चिमूट लिंबूसत्व घाला. मग 15 लिटरच्या पंपाला 45 मिली अमिनो, त्यानंतर स्टिकर (थेंब पानाला चिकटवणारं द्रव्य), आणि सगळ्यात शेवटी प्लॅस्टिकच्या मगात विरघळवलेली दीड ग्रॅम व्हिटॅमिन सी. तांब्या-पितळेचं भांडं किंवा गंजकी बादली वापरली तर व्हिटॅमिन सी आणखी लवकर वाया जाते. पुडीतली पूड पिवळी पडली असेल तर टाकून द्या. सकाळी ड्रमभर कालवून दिवसभर मारायची पद्धत इथे चालत नाही. एका पंपापुरतंच करा आणि लगेच संपवा.

कोवळ्या मक्याच्या पानावर मेणाचा थर असतो, स्टिकर नसेल तर थेंब घरंगळून पोंग्यात साचतात. लष्करी अळी आल्यापासून हाताला नोझल पोंग्यात धरायची सवय लागली आहे. ती इथे मोडा. बारीक तुषार पानांवर बसू द्या. दव सुकल्यावर किंवा चारनंतर फवारा.

शेताच्या मधल्या चार ओळी कोऱ्या ठेवा, खुंट्या ठोकून. काढणीला त्या ओळींची कणसं आणि शेजारच्या फवारलेल्या चार ओळींची कणसं वेगवेगळी तोला.