नोंदवही शेवटी उघडा

गोव्यातल्या फोंडा आणि डिचोली तालुक्यांत घरोघरी जाऊन केअरटेकरांच्या कामाची तपासणी करायचं काम मी सात वर्षं करते आहे. त्याआधी जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन वॉर्डात नर्स होते. आता या कामात नवी मुलं-मुली येऊ लागली आहेत. हे त्यांच्यासाठी.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे मी महिन्यातून दोनदा जायचे. नोंदवही चोख होती. दर २ तासांनी कूस बदलली, अंग पुसलं, जेवण दिलं, औषधं दिली, सगळ्या रकान्यांत खूण. मी वही बघायचे, "कशा आहात?" विचारायचे, "बरें आसा गो बाय" ऐकायचे आणि सही करून निघायचे. तिसऱ्या महिन्यात सुनेचा फोन आला. चादरीला डाग दिसला म्हणून तिने आजींचा मोजा काढला, तर टाचेवर रुपयाएवढी जखम. मी तो मोजा एकदाही काढला नव्हता. नंतर वही निरखून पाहिली, तेव्हा आठवडाभराच्या खुणा एका बैठकीत, एकाच हाताने ओढलेल्या दिसल्या. जखम भरायला दोन महिने लागले, आणि ते दुखणं आजींनी सोसलं. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी रुग्ण, मग खोली, मग केअरटेकर, मग घरची माणसं, आणि वही सगळ्यांत शेवटी.

रुग्णाला हात लावण्याआधी त्यांची परवानगी घ्या, दार लोटून घ्या. मग टाचा, माकडहाड, कोपरं आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानांमागची त्वचा बघा. लाल जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात असते. सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. तिथे हात फिरवून बघा, जागा शेजारच्यापेक्षा गरम किंवा घट्ट लागते. तोंड उघडायला सांगा: जिभेवर पांढरा थर आहे का, कवळी शेवटची कधी धुतली? बायकांच्या स्तनांखालची घडी ओलसर आणि लाल आहे का? लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकते आहे, की कुणी पलंगावर ठेवली आहे? नाकातल्या नळीने पेज किंवा दूध देतात तिथे त्या वेळेला मुद्दाम थांबा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी, आणि दिल्यावरही निदान अर्धा तास तशीच राहायला हवी. सपाट झोपवून दिलं तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

वही खरी की खोटी हे ताडून पाहायला यंत्रं मदत करतात. बहुतेक ग्लुकोमीटर आणि बरीच डिजिटल बीपी यंत्रं जुने आकडे तारीख-वेळेसह साठवून ठेवतात. वहीत सकाळी ७ वाजता साखर ११० लिहिलेली आणि यंत्रात तीन दिवस एकही तपासणी नाही, असं मी पाहिलं आहे. यंत्राचं घड्याळ बरोबर आहे ना, तेवढं आधी बघा. गोळ्यांच्या पाकिटांचंही तसंच. विकत आणल्याची तारीख आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या की हिशेब लागतो. इन्सुलिन फ्रिजच्या दारात आहे की फ्रीझरला चिकटलेलं, तेही बघा. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

आपल्याकडच्या जुन्या घरांत खोलीची तपासणी म्हणजे वाटेचीही तपासणी. उंच उंबरठे, सोप्याच्या पायऱ्या, मागीलदारी न्हाणीघर, पावसात घामेजलेली गुळगुळीत जमीन. रात्री लघवीला जाताना रुग्णाची पावलं जिथे पडतात तिथून स्वतः चालून बघा. पावसाळ्यात डिचोली-सत्तरीकडे वीज गेली की हवेची गादी बसते आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो. भरलेला सिलिंडर कुठे आहे आणि तो कसा उघडायचा, हे केअरटेकरला करून दाखवायला सांगा. नुसतं "माहीत आहे" म्हटलेलं ऐकून पुढे जाऊ नका. १०८ला फोन केल्यावर घराचा पत्ता वाड्यासकट सांगता येतो का, हेही विचारा. बाहेरगावाहून आलेल्या मुलींना बऱ्याचदा तो येत नाही.

केअरटेकरशी बोलणं हा या कामाचा सगळ्यांत मोलाचा भाग आहे, आणि घाईत सुटतो तोही हाच. मी पहिला प्रश्न विचारते, काल रात्री किती तास झोपलात? २४ तासांच्या ड्यूटीवर एकटी बाई असेल आणि दर २ तासांनी कूस बदलायची असेल, तर ती झोपणार कधी? त्या आजींच्या घरीही तेच झालं होतं. जेमतेम विशीतली ती मुलगी दिवसभर काम करून रात्री डोळा लागल्यावर उठू शकत नव्हती, आणि ते सांगायची भीती वाटली म्हणून खुणा ओढत होती. दोष एकट्या तिचा नव्हता. इतकं काम एका माणसावर टाकणारी आमची व्यवस्था त्याला तितकीच जबाबदार होती, आणि मी ते विचारलं नव्हतं. आता रात्रीला दुसरं माणूस नसेल तर मी अहवालात तसं स्पष्ट लिहिते. तिला वेगळी झोपायची जागा आहे का, साप्ताहिक सुट्टी मिळते का, रुग्णाला उचलायचं कुणी शिकवलं का, महिन्याभरात त्या घरी किती वेगवेगळी माणसं पाठवली गेली, हे आकडे अहवालात हवेतच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णापुढे दर आठवड्याला नवा चेहरा उभा राहिला तर तो भेदरतो.

मोजपट्ट्या शिकून घ्या. शय्याव्रणाच्या धोक्यासाठी ब्रॅडन: एकूण २३ पैकी १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका. रोजच्या हालचालींसाठी बार्थेल, ० ते १००. सेवा सुरू झाली त्या दिवशीचा आकडा नसेल तर पुढची तुलना करता येत नाही, म्हणून पहिल्या भेटीतच तो घ्या.

घरच्यांशी बोलताना लक्षात ठेवा, पैसे देणारा मुलगा आखातात किंवा लंडनला असतो, सेवा घेते आई. मुलाला व्हिडिओ कॉलवर नीट केस विंचरलेली आई दिसते. म्हणून केअरटेकरला चहाला स्वयंपाकघरात पाठवा आणि आजींशी एकट्याने बोला. बोलता येत नसेल तर बघा: केअरटेकरचा हात जवळ आला की त्या अंग आक्रसून घेतात का? दंडावर बोटांचे ठसे दिसले, किंवा जखमेचं सांगितलेलं कारण पटत नसेल, तर तिथेच वाद घालू नका. काय दिसलं ते जसंच्या तसं लिहा, त्याच दिवशी वरिष्ठांना कळवा. घरचीच माणसं त्रास देत असतील तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

एक भेट चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात ठेवा, न कळवता. अर्ध्या केअरटेकर सुट्टीवर गेलेल्या असतात आणि बदली म्हणून आलेल्या मुलीला औषधांची वेळ कुणी समजावून सांगितलेली असते की नाही, ते त्याच आठवड्यात कळतं.