ए300वर शिकलो, म्हणून सांगतो

विमान देखभाल अभियंता व्हायला निघालेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, कुठल्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या प्रकारच्या विमानावर काम करायची परवानगी) घेऊ?" मी म्हणतो, ते नंतर बघू. आधी त्या विमानाच्या कुळातलं पहिलं विमान समजून घ्या.

मी हँगरमध्ये आलो तेव्हा समोर एअरबसच्या कुळातलं पहिलं विमान, ए300, त्याच्या बी2 या रूपात उभं होतं. इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात ही विमानं 1976 पासून होती. त्याहून मूळचं रूप म्हणजे बी1. ते 28 ऑक्टोबर 1972ला तुलूझहून पहिल्यांदा उडालं आणि तशी दोनच विमानं बनली. पुढचं बी2 2.65 मीटरने लांब केलं. परीक्षेत हे कुणी विचारत नाही. पण धडाचा व्यास 5.64 मीटर का ठेवला, हे स्वतःला जरूर विचारा. पोटात दोन एलडी3 कंटेनर (सामानाचे ठरलेल्या मापाचे डबे) शेजारीशेजारी मावावेत म्हणून! पुढे ए310, ए330 आणि ए340 यांनी तोच व्यास घेतला. कारण कळलं की आकडा पाठ करावा लागत नाही.

हायड्रॉलिकचंही, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेचंही, तसंच. हिरवी, निळी, पिवळी अशा तीन प्रणाली, दाब 3000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). एका जुन्या सहकाऱ्याने मला कोरा कागद देऊन तिन्ही आठवणीने काढायला लावल्या. कितीदा चुकलो, पण त्यांनी मॅन्युअल उघडू दिलं नाही. त्या कागदाचे उपकार मी आजही मानतो. मात्र सावध राहा. ए320मध्ये रंग तेच असले तरी हिरवी पहिल्या इंजिनावर, पिवळी दुसऱ्यावर आणि निळी विजेच्या पंपावर चालते. ए330मध्ये हिरवीला दोन्ही इंजिनं दाब देतात. ओळखीच्या नावावर विसंबून काम करू नका; त्या विमानाचं, त्या दिवशी लागू असलेलं मॅन्युअल उघडा. आणि स्कायड्रॉल या हायड्रॉलिक द्रवाजवळ सुरक्षा चष्म्याशिवाय जाऊ नका, डोळ्यांची भयंकर आग होते.

लायसनचा रस्ता सरळ आहे : बारावीला भौतिक, रसायन, गणित, डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाची मान्यता असलेली संस्था, यांत्रिकीसाठी लायसनचा बी1.1 हा वर्ग (वरच्या बी1 विमानाशी याचा संबंध नाही), परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे विषयाला, किमान 75 टक्के. खासगी क्लासच्या प्रश्नसंचांनी गुण मिळतील, पण रात्री दोन वाजता गळती शोधताना ते कामी येत नाहीत.

मॅन्युअलमध्ये हायड्रॉलिकचं प्रकरण 29, लँडिंग गिअरचं 32. बोइंगला गेलात तरी हे क्रमांक तेच. 29पासून सुरुवात करा. तीन रंगांच्या पेन्सिली आणि कोरा कागद घ्या, आणि मॅन्युअल आधी मिटून ठेवा.