अलॉयला चरे न पाडता नट काढायचेत? मग गोटी आणि नट असे निवडा

चाक धुताना एकदा नटाच्या भोकात बोट घालून फिरवून बघा. कडेला खरखरीत लागलं किंवा टॉर्च मारल्यावर चंद्रकोरीसारखी चकाकणारी रेघ दिसली, तर तो चरा रस्त्यावर पडलेला नाही, गोटीने (म्हणजे नटावर बसवून फिरवायच्या सॉकेटने) पाडलाय. माझ्या काळ्या पावडर कोटिंगच्या अलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चाकांवर, पहिल्याच खेपेला असे चरे पडले. टायर बदलायला गाडी दिली होती, तिथल्या पोराने प्लास्टिकचं कव्हर नसलेली उघडीच गोटी इम्पॅक्ट गनला (झटके देत नट फिरवणाऱ्या मशीनला) लावली आणि घर्र घर्र करत चार चाकांचे वीस नट दोन मिनिटांत बाहेर. तेव्हा मला त्याचा स्पीड बघून कौतुकच वाटलं होतं, कळलं ते नंतर गाडी धुताना. आता भांडायला जाऊन काय होणार, तो म्हणणार साहेब हे आधीपासूनच होतं. तेव्हापासून स्वतःची गोटी डिकीत असते.

नेमकं काय होतं ते बघा. नट १९ चा, म्हणजे डोकं १९ मिमीचं, असला तरी गोटीला स्वतःची जाडी असते, साधी इम्पॅक्टची १९ ची गोटी बाहेरून २८ च्या आसपास जाते. भोक समजा २९ मिमी असेल तर दोन्ही बाजूंना मिळून एक मिमी, म्हणजे एका बाजूला जेमतेम अर्धा मिमी जागा राहिली, आणि गन काय सरळ रेषेत फिरत नाही, ती थरथरते, गोटी हेलकावे खाते आणि भोकाच्या भिंतीवर घासत राहते. त्यामुळे सगळे आधी नट कसे दिसतात ते बघतात ना, ते उलटं आहे. आधी भोक मोजा, मग त्यात कुठली गोटी मावते ते बघा, आणि मग त्या गोटीला चालेल असा नट घ्या.

मोजताना व्हर्निअर (व्यास मोजायची सरकपट्टी) तोंडाशी लावून मोकळे होऊ नका. बऱ्याच अलॉयमध्ये भोक वर रुंद आणि आत निमुळतं असतं, गोटी अडकते ती आतच, म्हणून जितकं खोल जाता येईल तिथला व्यास घ्या. मग गोटीचा बाहेरचा व्यास बघा, आणि इथे प्लास्टिकच्या स्लीव्हवाली, म्हणजे बाहेरून प्लास्टिकची नळी चढवलेली, गोटी घेणारे हमखास फसतात कारण ते फक्त लोखंडाचा व्यास धरतात. स्लीव्ह पण एका बाजूला एक-दीड मिमी खाते. ती घट्ट बसत असेल तर आत जाताना वर सरकते, खालून लोखंड उघडं पडतं, आणि मग ती असून नसून सारखीच. मी स्वतः स्लीव्ह धरून प्रत्येक बाजूला निदान एक मिमी मोकळी जागा राहील असं बघतो.

जागा पुरत नसेल तर दोन वाटा. एक म्हणजे पातळ भिंतीची गोटी, जिला थिन वॉल म्हणतात, ती खास अलॉयसाठीच बनवतात. आणि दुसरी वाट पटकन सुचत नाही, ती म्हणजे नटच लहान डोक्याचा घ्यायचा. २१ ऐवजी १९ किंवा १९ ऐवजी १७ चा नट लावला की गोटी आपोआप बारीक होते. फक्त आटे आणि सीट (नटाचा चाकाला टेकणारा भाग) तीच हवी, आणि नटाची सीट चाकाच्या सीटवर पूर्ण टेकली पाहिजे, तिथे तडजोड नाही.

आता आटे. टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांच्या बहुतेक गाड्यांना एम १२ बाय १.५ (१२ मिमी जाडी, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) लागतो, सुझुकी, निसान, सुबारूला एम १२ बाय १.२५. हे दोन्ही नट टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्याने फरक कळत नाही, आणि चुकीचा नट पहिला एखादा फेरा आरामात जातो सुद्धा, मग घट्ट लागतो, आणि तेव्हा गन मारली की स्टडचे (ज्या दांड्यावर नट बसतो त्याचे) आटे गेलेच. फोक्सवॅगन, ऑडीला नट नसून बोल्ट असतात, बहुतेक एम १४ बाय १.५. नट हाताने लावून फेरे मोजायची सवय ठेवा, एम १२ बाय १.५ ला निदान ८ पूर्ण फेरे बसले पाहिजेत, १.२५ ला साधारण १०. हिशोब सोपा आहे, स्टड जितका जाड तितकी आट्यांची पकड लांब हवी.

सीटबद्दल जरा जास्त लिहितो कारण चऱ्यापेक्षा मोठं नुकसान इथे होतं. सीट म्हणजे नटाचा जो भाग चाकाला टेकतो तो. शंकूसारखा ६० अंशाचा असतो, बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अलॉयना हाच लागतो. दुसरा गोल, अर्ध्या चेंडूसारखा, होंडाची कंपनीची चाकं आणि फोक्सवॅगनचे बोल्ट या प्रकारचे. आणि तिसरा सपाट, वॉशरवाला, टोयोटाच्या कित्येक कंपनी अलॉयला येतो. म्हणजे होंडाला बाहेरचे अलॉय टाकले आणि नट मात्र जुनेच कंपनीचे वापरले तर गोल नट शंकूच्या खड्ड्यात बसतो, टेकतो फक्त एका बारीक कड्यावर. आवळताना घट्ट झाल्यासारखं वाटतं पण ॲल्युमिनियम मऊ, ते दबतं, मग नट सैल. सीटवर गोल कड्यासारखा खोल व्रण दिसला तर ती गोटीची करामत नाही, नटच चुकीचा आहे, आणि तसं चाक चालवत राहू नका.

चकचकीत क्रोमची टोपी घातलेले नट दिसले की हात मागे घ्या. आत साधा लोखंडी नट आणि वर पत्र्याचं पातळ कव्हर, असे दोन भाग असतात. त्या दोघांच्या मध्ये पाणी शिरतं, आत गंज धरतो, गंज फुगतो आणि १९ चा नट हळूहळू साडेएकोणीस होतो. मग रस्त्यात पंक्चर झालं की १९ ची गोटी बसत नाही आणि २० ची सैल होते. मी अशा वेळी १९ ची गोटी हातोडीने ठोकून बसवली होती, नट निघाला, पण कव्हर गोटीतच अडकलं, आणि ठोकताना हातोडी एकदा घसरली ती थेट स्पोकवर. तो खड्डा अजून आहे. त्यामुळे नट एकाच तुकड्याचा, फोर्ज्ड स्टीलचा घ्या, दिसायला साधा असला तरी चालेल.

काळे, लाल, निळे रंगवलेले नट फोटोत भारी दिसतात, पण दोन-चार वेळा गोटी लागली की कोपऱ्यांचा रंग उडतो आणि खालचं लोखंड दिसायला लागतं. रंग हवाच असेल तर आतून सुद्धा प्लास्टिकचं अस्तर असलेली गोटी मिळते ती घ्या, किंवा नट आणि गोटीच्या मध्ये पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा ठेवा, शेवटचं आवळताना फाटतो तो पण तोवर काम झालेलं असतं. मला विचाराल तर साधे स्टीलचे नट लावून वर प्लास्टिकच्या टोप्या घाला, रंग कायम नवा, आणि टोपी काढायला बारीक चिमटा पुरतो. ॲल्युमिनियमचे हलके नट रोजच्या गाडीला नकोत, आटे लवकर जातात.

भोक फारच अरुंद असेल तर स्प्लाइनचे नट येतात, म्हणजे बाहेरून षटकोन नाही, दातेरी असतो, आणि त्यावर वेगळी किल्ली बसते. नट बारीक म्हणून भोवती जागा भरपूर राहते, चऱ्याच्या दृष्टीने बेस्ट. पण किल्ली हरवली की बसा बोंबलत. आणि ती किल्ली पातळ असते, तिच्यावर इम्पॅक्ट गन मारली की तडा जातो, लॉक नटाच्या (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावतात त्या नटाच्या) किल्लीचंही तेच. हाताने सोडवा, हाताने लावा.

गोटी घेताना अजून काय बघायचं. सहा कोनी घ्या, बारा कोनी नको, बारा कोनी नटाला कोपऱ्यावर पकडते आणि घसरली की नटाचे कोपरे पण झिजतात आणि भोकात पण लागते. अर्धा इंच ड्राइव्हची (पाना बसायचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं), आणि डीप म्हणजे लांब, कारण उघड्या नटातून स्टड बाहेर येत असेल तर त्याला आत जायला जागा पाहिजे. स्लीव्ह गोटीवर मोकळी फिरली पाहिजे, म्हणजे ती भिंतीला टेकली तरी थांबून राहते आणि आत फक्त लोखंड फिरतं. दुकानात हाताने धरून फिरवून बघा, गोटीसोबतच स्लीव्ह फिरत असेल तर ठेवून द्या खाली. १७, १९, २१ चा सेट मिळतो, बऱ्याच सेटमध्ये निळा, पिवळा, लाल असे रंग असतात, पण रंगावर जाऊ नका, आकडा वाचा.

स्लीव्हवाली मिळालीच नाही तर पातळ गोटीवर इलेक्ट्रिकल टेपचे दोन वेढे मारा, एका कामापुरते टिकतात. तोंडापासून पाव इंच सोडून गुंडाळा नाहीतर टेपची कड नटात अडकते.

एवढं करूनही चरे पडतात ते वापरण्यात. पहिलं म्हणजे वाळू. रस्त्यावर जमिनीवर ठेवलेली गोटी उचलली आणि लावली की प्लास्टिकला चिकटलेली रेती सँडपेपरचं काम करते, म्हणजे स्लीव्हनेच चरा पाडला. आधी फडक्याने पुसा, भोकात पाणी मारा. दुसरं, एक्स्टेन्शन (पाना आणि गोटीच्या मधला जोडदांडा) लावा म्हणजे पान्याचा दांडा किंवा गनचं नाक स्पोकपासून लांब राहतं, पण एक्स्टेन्शन लांब झालं की गोटी तिरकी व्हायला लागते, म्हणून डाव्या हाताने तिला खालून आधार द्या आणि उजव्याने फिरवा. तिसरं, नट सुरुवातीला बोटांनी किंवा पाना न लावता नुसत्या गोटीने फिरवून बसवा, गन कधीच नाही. बोल्टवाल्या गाडीत चाक लटकवायला एक गाइड पिन मिळते, ती हबमध्ये फिरवून ठेवा, नाहीतर एका हातात चाक आणि एका हातात बोल्ट, आणि चाक घसरून डिस्कवर आपटलंच म्हणून समजा.

आवळायचं टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), ताऱ्याच्या क्रमाने, समोरासमोरचे नट घेत, आधी सगळे हलके आणि मग पूर्ण. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १०८ न्यूटन मीटर, टोयोटाला १०३, फोक्सवॅगनला १२०, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने नको. पाइप लावून अंगाचा जोर देणारे लोक पुढच्या वेळी तोच नट सोडवताना गोटी घसरवतात आणि परत भोकाला लागते. आट्यांना तेल लावू नका, तेलाने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला स्टडवर ताण जास्त येतो. चाक लावल्यावर ५० ते १०० किमी चालवून परत एकदा तोच टॉर्क तपासायचा, त्याच गोटीने.

स्लीव्ह चिरली किंवा तोंडाशी दबून लोखंड डोकावायला लागलं की गोटी बदला, प्लास्टिक वापरून संपणारच असतं. मी माझी गोटी जुन्या मोज्यात घालून डिकीत ठेवतो, आणि टायरवाल्याकडे गेलो की आधी मोज्यातली गोटी त्याच्या हातात देतो, मग गाडीची चावी.