टायरची असमान झीज: कारण ओळखावे कसे?

गाडीचे टायर एकसारखे झिजत नसतील, तर नवे टायर घेण्याआधी जुन्या टायरांवरील झिजेच्या खुणा नीट पाहाव्यात, कारण दोष बहुधा तिथेच उमटलेला असतो. मधला पट्टा अधिक झिजला असेल तर हवा जास्त भरली जात आहे आणि दोन्ही कडा झिजल्या असतील तर ती कमी पडत आहे, असे समजावे. टायर थंड असताना गाडीच्या कंपनीने सांगितलेला दाब ठेवावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, रोजच्या वापराचा नव्हे, आणि ही गल्लत सर्रास होते.

केवळ आतली किंवा बाहेरची कड झिजत असल्यास बहुधा चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन व दिशा, बिघडलेले असते. आतली कड उभ्याने सहज दिसत नाही, म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचे टायर तपासावेत. मात्र अलाइनमेंट करण्यापूर्वी टाय रॉड, बॉल जॉइंट आणि बुश या चाकांना जोडणाऱ्या भागांतील ढिलेपणा दुरुस्त करून घ्यावा, अन्यथा तो खर्च निव्वळ वाया जातो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर (धक्के शोषणारा भाग) व बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) पाहावे.

दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर त्याच बाजूला पुढे-मागे बदलावेत. खोबणीत झीज दाखवण्यासाठी असलेल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे खोबणीची खोली १.६ मिलिमीटर उरेपर्यंत, एक कड जरी झिजली तरी तो टायर काढून टाकावा.