टाइल्डमध्ये खाजनाचा नकाशा: हत्यारे, शॉर्टकट आणि नेहमीचे घोळ

टाइल्ड हा मोफत आणि मुक्तस्रोत मॅप एडिटर. चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल, शेजारी शेजारी मांडून त्यात दोन मितींच्या गेमचा नकाशा बनतो. सरावाला किल्ला किंवा भुयार कशाला? गोव्यात रायबंदरची फेरीबोट चोडण बेटाला लागली की आसपास जे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, दिसते तेच घ्या: मांडवीचे खारे पाणी, मातीचा बांध, बांधात मानस (पाणी अडवणारे-सोडणारे झडपेचे दार), आत कोरगुटाची (खारे पाणी सोसणाऱ्या भाताची) शेते, कडेला माड. पाणी पसरट, बांध बारीक, माड उंच आणि मानस हलता, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळे हत्यार हाती घ्यावे लागते.

आधी मांडणी

फाइल मेनूतून नवा मॅप घ्या. प्रकार ऑर्थोगोनल (सरळ चौकटींचा), लेयर म्हणजे थर साठवण्याचा फॉरमॅट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे), आकार ४० × ३० टाइल, टाइल १६ × १६ पिक्सेल. एकूण नकाशा ६४० × ४८० पिक्सेलचा होतो. इन्फिनिटचा पर्याय सध्या नको. तसा नकाशा तुकड्यातुकड्यांत साठवला जातो आणि गेममध्ये नकाशा वाचणाऱ्या अनेक लायब्रऱ्या तिथे अडखळतात. एकही टाइल ठेवण्यापूर्वी टीएमएक्स (टाइल्डच्या नकाशाची) फाइल गेमच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, कारण चित्रांचे पत्ते या फाइलच्या जागेवरून मोजले जातात. नंतर फाइल एकटीच दुसरीकडे हलवली की चित्र सापडत नाही आणि टाइलसेट (ज्या चित्रातून टाइल कापल्या जातात तो संच) लाल होऊन बसतो.

आता टाइलसेट. त्याच्या खिडकीत टाइलचा आकार, मार्जिन (चित्राच्या कडेची मोकळी जागा) आणि स्पेसिंग (दोन टाइलांमधली फट) विचारतात. पुढचे निम्मे रडगाणे इथल्या चुकीचे असते. गेम चालताना, विशेषतः झूम केल्यावर, टाइलांच्या सांध्यांत बारीक रेघा दिसतात, कारण ग्राफिक्स कार्ड शेजारच्या टाइलचा रंग उचलते. उपाय असा: प्रत्येक टाइलच्या काठचे पिक्सेल चारही बाजूंना एकेक पिक्सेल बाहेर वाढवा आणि मार्जिन १, स्पेसिंग २ द्या. ८ × ८ टाइलांचे चित्र मग १२८ ऐवजी १४४ पिक्सेल रुंद व्हायला हवे (८ × १८). आकडा जुळला नाही तर टाइल एकेक पिक्सेलने सरकत जातात आणि शेवटच्या ओळीत माडाचे अर्धेच झावळे येते. चित्र कौलांसारखे एकमेकांवर चढलेले दिसले, तर मार्जिन आणि स्पेसिंगची अदलाबदल झाली का ते आधी बघा.

लेयर खालून वर असे लावा: चिखल, भरतीचे पाणी, शेत, बांध, माडाचे खोड, माडाची झावळे. खोड आणि झावळे वेगळी ठेवायची, म्हणजे गेममधला माणूस खोडाच्या पुढून आणि झावळ्यांच्या खालून जाऊ शकतो. भरतीचे पाणीही वेगळेच हवे. सुकतीला (ओहोटीला) गेमने तो लेयर लपवला की खालचा चिखल आपोआप उघडा पडतो, दुसरा नकाशा काढायची गरज नाही.

डावा हात कळांवर

उजव्या हातात माउस, डावा कळांवर. एकाक्षरी शॉर्टकट चालत नसतील तर कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का ते आधी बघा. इंग्रजीवर आणल्यावर ते चालू लागतात. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड.

बी म्हणजे स्टॅम्प ब्रश, सगळ्यात जास्त वापरले जाणारे हत्यार. त्याची खरी गंमत उजव्या बटणात आहे. नकाशावरच्या टाइलवर उजवी क्लिक केली की ती हाती येते, उजवे बटण दाबून ओढले तर सगळा चौकोन उचलला जातो. दोन टाइल रुंद, चार उंच माड एकदा बनवा. मग खोडाच्या लेयरवर खोड आणि झावळ्यांच्या लेयरवर झावळे उचलून हव्या तेवढ्या ठिकाणी ठोका. रोजचे तुकडे कंट्रोल+१ ते कंट्रोल+९ ने साठवा आणि नुसता अंक दाबून परत मिळवा. शिफ्ट धरून दोन ठिकाणी क्लिक केले की सरळ रेघ पडते. एक्स आडवे उलटवते, वाय उभे, झेड फिरवते. एकाच दिशेला झुकलेले माड कारखान्यातून आल्यासारखे दिसतात, म्हणून मधूनमधून एक्स दाबा.

एफ बादली आहे, एकसारख्या टाइलांचा सलग भाग भरते. शेतासाठी ती छान, पण डी दाबून यादृच्छिक पद्धत चालू करा आणि रोपांच्या तीनचार वेगळ्या टाइल एकदम निवडा, नाहीतर शेत छापील कापडासारखे दिसते. पाणी साचलेली टाइल क्वचितच यावी असे वाटत असेल तर टाइलसेटमध्ये तिची प्रॉबेबिलिटी १ वरून ०.१ करा. ई खोडरबर आहे, त्याचे उजवे बटण दाबून ओढले की चौकोनच पुसला जातो. आर चौकोनी निवड, डब्ल्यू सलग सारख्या टाइलांची निवड. कंट्रोल+जी जाळी दाखवते, एच बाकीचे लेयर फिके करते. चुकीच्या लेयरवर रंगवायची सवय असेल तर एच कायम चालू ठेवा.

ब्रश रंगवतच नाही, हे गाऱ्हाणे सर्वांचेच. बहुतेक वेळा कुठेतरी जुनी निवड राहून गेलेली असते आणि रंग फक्त तिच्या आतच लागतो. कंट्रोल+शिफ्ट+ए ने निवड काढून टाका. तरीही नाही, तर लेयर कुलूपबंद किंवा लपलेला आहे.

काठ आणि बांध

पाण्याचा काठ एकेक टाइल निवडून लावण्यात दुपार घालवू नका. टाइलसेट उघडून टेरेन सेट बनवा. पाणी आणि चिखल यांच्यासाठी कॉर्नर प्रकार घ्या: टाइलचा प्रत्येक कोपरा पाण्याचा की चिखलाचा ते रंगवून सांगायचे. चार कोपरे, दोन शक्यता, म्हणून १६ टाइल लागतात. बांध मात्र रेघेसारखा असतो, त्याला एज प्रकार योग्य, त्यालाही १६. कोपरे आणि कडा दोन्ही पाळणारा मिक्स्ड प्रकार घेतला तर नेहमीच्या पद्धतीने ४७ टाइल काढाव्या लागतात. पहिल्या नकाशाला तो व्याप कशाला? सेट तयार झाला की टी दाबून टेरेन ब्रशने ओढत जा, वळणे तोच जुळवतो. भलतीच टाइल आली तर बहुधा त्या वळणाची टाइल चित्रातच नसते किंवा एखादा कोपरा रंगवायचा राहिलेला असतो.

मानस

मानसाची झडप पाण्याच्या दाबानेच चालते: भरतीला मिटते, सुकतीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. त्यामुळे गेममध्ये मानसाला वेगळा स्विच नको, भरती-सुकतीचा एकच आकडा लेयर आणि मानस दोघांनाही पुरतो. मानस ठेवायला ऑब्जेक्ट लेयर, म्हणजे टाइलांऐवजी सुट्या वस्तूंचा थर, जोडा. इथे आर दाबल्यावर निवड होत नाही, चौकोन घातला जातो, कारण कळेचा अर्थ लेयरवर ठरतो. निवडीसाठी एस, बिंदूसाठी आय. व्ह्यू मेनूतले स्नॅप टू ग्रिड चालू ठेवा, नाहीतर जागा १६०.३७ असल्या आकड्यांत येतात.

चौकोनाची जागा वरच्या डाव्या कोपऱ्यावरून मोजली जाते, टाइल ऑब्जेक्टची (टाइलचे चित्र असलेल्या वस्तूची) खालच्या डाव्या कोपऱ्यावरून. शून्यापासून मोजलेल्या दहाव्या ओळीत चौकोनाचा वाय १६० येतो, तर टाइल ऑब्जेक्टचा १७६. मानस गेममध्ये एक टाइल खाली दिसला तर कोड शोधत बसण्याआधी हे तपासा. ऑब्जेक्टचा प्रकार फाइलमध्ये टाइप नावाने लिहिला जातो; १.९ आवृत्तीत तो क्लास झाला होता आणि १.१० मध्ये पुन्हा टाइप झाला. त्या काळातली फाइल जुन्या लायब्ररीला प्रकाराविना दिसते.

गेमकडे पाठवताना

फेझर या ब्राउझर-गेमच्या लायब्ररीसाठी नकाशा जेसन फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा, पण त्याआधी टाइलसेट नकाशात एम्बेड करा, म्हणजे नकाशाच्या फाइलमध्येच सामावून घ्या, बाहेरचा टाइलसेट फेझर वाचत नाही. नकाशा वाचणारा कोड स्वतः लिहीत असाल तर लेयरच्या आकड्यांत शून्य म्हणजे रिकामी जागा. टाइलसेटमधला खरा क्रमांक मिळवायला लेयरमधल्या आकड्यातून सेटचा फर्स्टजीआयडी (सेटच्या पहिल्या टाइलला नकाशात मिळालेला क्रमांक) वजा करा. सीएसव्हीत मध्येच २१४७४८३६५३ असा राक्षसी आकडा दिसला तर फाइल बिघडलेली नाही. ती आडवी उलटवलेली ५ क्रमांकाची टाइल आहे: २१४७४८३६४८ हा उलटवल्याचा झेंडा (फ्लॅग, म्हणजे खूण), अधिक ५. वजाबाकी करण्यापूर्वी असे झेंडे काढून टाका, नाहीतर एक्स दाबून झुकवलेले सगळे माड गेममधून गायब होतील.